बिनपाटीचं दुकान, शेंगापोळी आणि गोथेनबर्गचं ऑफिस

या दुकानाला पाटी नाही, बिलाचं पुस्तक नाही, आणि मोबाईलच्या नकाशावर शोधायला जाल तर भलत्याच बोळात नेऊन सोडेल. सोलापुरात मधल्या मारुतीपासून आत वळायचं, बाजाराची गर्दी मागे पडली की कुणालाही 'भाकरीवाल्या काकू' म्हणून विचारायचं. जुना वाडा आहे. पुढच्या सोप्यात काकू वजनकाटा घेऊन बसतात, मागे बायका भाकऱ्या थापत असतात आणि एका कोपऱ्यात लोखंडी उखळात चटणी कांडणं चालू असतं. कडक भाकरी, शेंगा चटणी, शेंगापोळी. एवढे तीनच जिन्नस. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

मी स्वीडनमधल्या गोथेनबर्गला ट्रकच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. टीममध्ये मी आणि एक हैदराबादचा मुलगा सोडला तर सगळे स्वीडिश. (त्या मुलाला सांगितलं की आमच्या सोलापुरात पूर्व भागात गेलास तर दिवसभर तेलुगूवर निभेल, तर त्याला ते अजून खरं वाटत नाही.) सुट्टीला आले की परत जाताना सामान इथूनच भरते. त्यामुळे चवीबद्दल मी फार बोलणार नाही. सोलापूरच्या माणसाला शेंगा चटणीची चव मी काय सांगायची? यातलं काय त्या लोकांत चालतं आणि का चालतं, तेवढं सांगते. हल्ली इथली बरीच पोरं तिकडे निघालीत, त्यांच्या आयांना तरी बॅग भरताना उपयोग होईल.

पहिला नंबर शेंगापोळीचा.

तिकडच्या ऑफिसात सकाळी साडेनऊच्या सुमारास आणि दुपारी अडीच-तीनला हातातलं काम खाली ठेवतात. याला फिका म्हणतात. कॉफी, सोबत काहीतरी गोड आणि गप्पा. आमच्याकडे शुक्रवारी कुणी काय आणायचं याची यादी किचनमधल्या फ्रिजवर लावलेली असते. त्यात मॅनेजरचंही नाव असतं, आणि पाळी आली की तोही मुकाट्यानं घरून डबा घेऊन येतो. वाढदिवस असला तर ज्याचा वाढदिवस त्यानंच केक आणायचा, बाकीच्यांनी खायचा. बरेच जण घरी भाजून आणतात. दालचिनीचे बन तर असतातच, पण वेलदोड्याचेही असतात. इतक्या उत्तरेला, जिथे डिसेंबरात दुपारी साडेतीनला दिवस मावळतो, तिथे वेलदोड्याचा वास आला की बरं वाटतं.

काकूंच्या शेंगापोळीत भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट, गूळ, थोडे तीळ आणि वेलदोडा. म्हणजे त्या लोकांच्या जिभेला निम्मी ओळख आधीपासूनच आहे. शिवाय ती कोरडी असते, बोटांना चिकटत नाही, गरम करावी लागत नाही, पंधरा दिवस सहज राहते. आपल्याला वर तूप लागतं, त्यांचं कॉफीसोबत तशीच भागतं.

वाढायची पद्धत मात्र बदलावी लागते. चतकोर करून ताटलीत ठेवायच्या, शेजारी आत काय काय आहे त्याची चिठ्ठी, आणि आपण बाजूला व्हायचं. हे बाजूला होणं सोलापूरच्या माणसाला लई जड जातं. आपल्याकडे पाहुण्यानं निदान दोनदा नको म्हटल्याशिवाय त्याचं नको कुणी खरं धरत नाही. तिकडे पहिल्याच नकोला विषय संपतो. पुन्हा 'घे की, अर्धी तरी घे' केलंत तर समोरचा कानकोंडा होतो, आणि पुढच्या शुक्रवारी तुमच्या ताटलीपासून जरा लांबच उभा राहतो. आग्रह त्यांना सोसत नाही. नुसतं ठेवून दिलेलं मात्र ते सोडत नाहीत. दहा मिनिटांत ताटली निम्मी होते, कुणी कुणाला काही म्हणत नाही.

खरी गंमत शेवटच्या चतकोराची. तो कुणीच उचलत नाही. एक जण येतो, सुरीनं त्याचे दोन करतो, एक घेतो. थोड्या वेळानं दुसरी येते, उरलेल्याचे दोन. मग त्याचेही दोन. आमच्यातला निवृत्तीला आलेला टेस्ट इंजिनिअर, सहा फुटांच्या वरचा माणूस, टेबलावर वाकून सुरीच्या टोकानं नखाएवढ्या तुकड्याचे दोन भाग करत होता. सांडलेलं सारण त्यानं बोटाच्या टोकानं टिपून खाल्लं, आणि उरलेला कण ताटलीत तसाच ठेवून जागेवर गेला. संध्याकाळी डिशवॉशर लावताना तो कण मी तोंडात टाकला. अख्खा खाल्ला असता तर कुणी काही बोललं नसतं, पण शेवटचं आपण उचललं असं व्हायला नको, यासाठी त्यांची एवढी खटपट चालते.

फिकाबद्दल आणखी एक, कारण हे पोरांना कुणी सांगत नाही. आपल्याकडून नवी गेलेली मुलं फिकाला दांडी मारून काम उरकत बसतात. वाटतं, साहेब बघतोय, खूश होईल. साहेब खूश होत नाही, त्याला वाटतं पोरगं माणूसघाणं दिसतंय. आणि कामाचं निम्मं बोलणं तिथेच होऊन गेलेलं असतं. मीटिंगमध्ये सगळ्यांना विचारतात, परवा लागलेल्या मुलीलाही, पण मीटिंगमध्ये कुणी कुणाचं खोडून काढत नाही. ते कॉफीच्या कपाशी येतं: 'त्या सेन्सरचं मला जरा विचित्र वाटतंय.' एवढं कुणी बोललं म्हणजे त्यानं दोन दिवस त्यावर विचार केलाय असं समजायचं. मॅनेजर 'हे कर' असं कधी म्हणत नाही. 'तुला वेळ झाला तर बघशील का,' म्हणतो. वेळ काढायचाच असतो. मला सुरुवातीला या सगळ्याचा राग यायचा, एका स्क्रूसाठी तीन मीटिंगा म्हणजे काय. आता येत नाही, कारण एकदा ठरलं की मागून कुणी टांग मारत नाही, हे बघून झालंय.

आता कडक भाकरी.

सोलापूरची कडक भाकरी तिकडे परकी वाटत नाही, कारण त्यांच्याकडे तिची मावसबहीण आहे. राईच्या पिठाची, पातळ, कुरकुरीत, महिनोन् महिने टिकणारी. क्नेकेब्रोड म्हणतात. ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवण घेतलं की सॅलड, लोणी आणि या भाकऱ्यांची टोपली फुकट असते. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक हा बेत ठरलेला, तेव्हा टोपली लवकर रिकामी होते. वासा हा त्यातला मोठा ब्रँड, 1919 पासूनचा. आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या महागड्या दुकानांत दिसतो. जुन्या पद्धतीची भाकरी गोल आणि मधोमध भोक असलेली. पूर्वी वर्षातून मोजक्या वेळी भट्टी पेटवायचे, ढीगभर भाजून घ्यायचे आणि काठीत ओवून आढ्याखाली टांगून ठेवायचे. थंडीच्या दिवसांची बेगमी.

काकूंची भाकरी ज्वारीची. मंगळवेढ्याकडची मालदांडी वापरते असं काकू सांगतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, 'ते कागद झाला, चव हाय की आधीपासनं.' भाकरी पापडाइतकी पातळ नाही आणि जाडही नाही, कडेपर्यंत सारखी भाजलेली, कुठे करपलेली नाही. त्या उंच टेस्ट इंजिनिअरनं ती हातात घेतली, बोटाच्या नखानं टिचकी मारून कानाजवळ नेली आणि मान हलवली. मग अगदी गंभीरपणे विचारलं, 'लोणी कुठल्या बाजूला लावायचं?' त्यांच्या भाकरीला एक बाजू खळग्यांची आणि एक सपाट असते, आणि लोणी कुठल्या बाजूला यावर त्यांच्यात घराघरांत दोन पक्ष आहेत. मी म्हटलं, आमच्याकडे चुरून वर आमटी ओततात. यावर टेबलावर काही क्षण शांतता.

मग त्यांनी त्यांचं केलं. लोणी लावलं, चीजच्या खुरप्यासारख्या पट्टीनं चीज किसून वर ठेवलं, आणि एकीनं निळ्या ट्यूबमधून माशाच्या अंड्यांची गुलाबी पेस्ट वळवळीत पिळली. कॅलेस कॅव्हिआर. टूथपेस्टची असते तशीच ट्यूब. आम्ही लिंगायत, सिद्धरामेश्वराच्या गावच्या भाकरीवर हे बघताना माझं काय झालं ते लिहीत नाही. पण भाकरी टिकली, वाकली नाही, ओली पडली नाही, हे निःपक्षपातीपणे नोंदवते. मला खायचा प्रश्न तिकडे फारसा येत नाही, कँटीनमध्ये रोज शाकाहारी पदार्थ असतो. फक्त गमीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं, ते वाचून घ्यावं लागतं.

टिकण्याबद्दल सांगायचं तर इथे जुलैत पावसाच्या हवेत डबा उघडा राहिला की भाकरी तासाभरात सादळते. तिकडे बाहेर पाऊस असला तरी घरात हीटरनं हवा इतकी कोरडी की उघडी ठेवलेली भाकरीही आठवडाभर कुरकुरीत.

आणि इथेच तो एक स्टार गेला. पॅकिंग. काकू भाकऱ्यांची चवड वर्तमानपत्रात गुंडाळतात, सुतळीनं बांधतात आणि हातात देतात. शहरातल्या शहरात, जुळे सोलापूरपर्यंत ठीक आहे. सिद्धेश्वर एक्सप्रेस, मग मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे विमान, एवढं झाल्यावर वरच्या आणि खालच्या भाकऱ्यांचा चुरा होतो. चुरा दह्यात चांगला लागतो, पण मी पैसे अख्ख्या भाकरीचे दिले होते. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, 'मोडली म्हणून काय झालं, पोटात जाऊन मोडणारच की.' यावर उपाय मीच सांगते. सांगून लहान थापून घ्या, आपल्या स्टीलच्या गोल डब्याच्या मापाच्या. डबा सोबत न्या, काकू तिथेच मापून बघतात. मधे टिश्यू, वरून घट्ट झाकण, आणि डबा हातातल्या बॅगेत.

चटणीचं थोडक्यात. चटणी अस्सल आहे, कांडताना सुटलेलं तेल वर येतं, लसूण हात राखून घातलेला नाही. घरी खायला न्याच. ऑफिसात मात्र जपून. शेंगदाण्याची अॅलर्जी तिकडे थट्टेवारी नेत नाहीत. पाकिटावर ज्यांचा उल्लेख करावाच लागतो अशा 14 जिनसांची यादी युरोपियन युनियनच्या कायद्यात आहे, त्यात शेंगदाणे आहेत आणि तीळही. माझ्या मुलाच्या बालवाडीत शेंगदाणे, बदाम, काजू काहीच नेता येत नाही, म्हणजे शेंगापोळीचा डबा बाद. काकूंच्या पुडीवर अक्षरही नसतं. म्हणून ऑफिसात ठेवताना चिठ्ठी लागतेच, आणि चटणीचा चमचा दुसऱ्या कशात जाऊ द्यायचा नाही. तिखटाचं म्हणाल तर ते लोक समजतो तितके घाबरट नाहीत. चमचाभर दह्यात कालवून उकडलेल्या बटाट्यावर घेतात, नाक पुसतात, पुन्हा घेतात.

चादर-टॉवेल काकूंकडे मिळत नाहीत, पण बॅगेत ते असतातच, म्हणून जाता जाता. सोलापुरी चादर तिकडे पांघरायला उपयोगाची नाही. नवरा-बायकोची सुद्धा प्रत्येकाची वेगळी दुलई असते, घर आतून गरम असतं, चादरीला कामच उरत नाही. पण एप्रिलात पहिलं ऊन पडलं की अख्खं शहर स्लॉट्सस्कोगन बागेतल्या गवतावर येऊन बसतं. तेव्हा अंथरायला हिच्यासारखी दुसरी नाही. खालचा ओलावा वर येत नाही, आणि मोरांची नक्षी बघायला अनोळखी माणूससुद्धा थांबून बोलतो. स्वीडनमध्ये अनोळखी माणूस आपण होऊन बोलणं म्हणजे केवढी गोष्ट, ते तिथे राहिल्यावर कळतं.

टॉवेलचं वेगळं. आमच्या इमारतीत कपडे धुवायची खोली सगळ्यांना मिळून एक, तळघरात. वेळ आधी बुक करायची, आपल्या वेळेत धुवायचं, वाळवायचं, मशीनची जाळी साफ करायची, फरशी पुसायची आणि वेळ संपायच्या आत बाहेर पडायचं. नव्या टेरी टॉवेलचं सूत पहिल्या काही धुण्यांत असं सुटतं की जाळी साफ करून वर आलं तरी ड्रायरच्या रबराला गुलाबी लव राहतेच. दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी. सुवाच्य अक्षर, खाली सही नाही, 'जाळी साफ करणे ही सर्वांची जबाबदारी आहे!' आणि शेवटी हसरा चेहरा. चिठ्ठी कुणाची ते मला माहीत होतं, तिला माहीत होतं की मला माहीत आहे, आणि जिन्यात आम्ही एकमेकींना रोजच्यासारखं हॅलो केलं. आपल्याकडे दार वाजवून चार शब्द झाले असते आणि संध्याकाळी वाटीतून काहीतरी आलं असतं. मला आपली पद्धत बरी वाटते. पण भांडण वाढत नाही हा त्यांच्या पद्धतीचा फायदा नाकारता येत नाही. टॉवेल इथूनच दोन-तीनदा धुऊन न्या.

काकूंच्या दुकानात वेळ लागतो, कारण त्या बोलतात. काहींना हे आवडणार नाही. मला तेवढ्यासाठी अर्धा स्टार जास्त द्यावासा वाटतो.

'यंदा किती दिवस हाय गं सुट्टी?'

'चार आठवडे, काकू.'

'चार आठवडे! आणि पगार?'

'चालू असतो.'

'काढून टाकतील की गं, बघ बाई.'

मग त्यांना सांगावं लागतं की वर्षाला किमान 25 दिवस भरपगारी रजा तिकडे कायद्यानंच आहे, आणि जून ते ऑगस्टमध्ये सलग चार आठवडे मागायचा हक्कही. जुलैत ऑफिसला मेल टाकला तर 'ऑगस्टात बोलू' असं आपोआप उत्तर येतं. तारीखही ते सांगत नाहीत, आठवड्याचा नंबर सांगतात. 'आठवडा 34ला बघू.' मी भिंतीवर नंबरवालं कॅलेंडर लावलंय, त्याशिवाय गत्यंतर नाही. काकूंना हे अजिबात चमत्कारिक वाटलं नाही. त्या स्वतः 'पंचमी झाल्यावर ये' असंच सांगतात.

'आणि लेकराला कोण बघतं?'

'लहान होता तेव्हा जास्त करून त्याचे बाबाच होते घरी. रजा घेऊन.'

काट्यावर चटणी ओतणारा काकूंचा हात थांबला. एका मुलामागे आईबापांना मिळून 480 दिवसांची रजा असते, त्यातले 90 दिवस बापाचेच, ते आईला देता येत नाहीत. न घेतले तर वाया जातात. मूल आजारी पडलं तर त्याची रजा वेगळी. चार वाजता मीटिंग असली आणि कुणी म्हणालं मला बालवाडीत जायचंय, तर मॅनेजरच लॅपटॉप मिटतो, कारण त्यालाही जायचं असतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि मागे भाकरी थापणाऱ्या बाईंना ओरडून सांगितलं, 'ऐकलीस का गं, तिकडं बापे पोरं सांभाळतात.' मागून उत्तर आलं, 'मग आपल्या बाप्यांना तिकडंच पाठवा.'

खरा धक्का त्यांना दुसऱ्याच गोष्टीचा बसला. 2022 साली इंटरनेटवर मोठा गदारोळ झाला होता की स्वीडिश घरात खेळायला आलेल्या मुलाला जेवायच्या वेळी खोलीतच थांबायला सांगतात आणि घरचे जेवून घेतात. माझ्या ओळखीच्या वयस्कर लोकांनी सांगितलं की हो, आमच्या लहानपणी असायचं; त्याच्या घरी त्याचं जेवण मांडलेलं असणार, आपण कशाला मोडता घालायचा, असा विचार असायचा. माझ्या मुलाला मात्र मित्रांच्या घरी प्रत्येक वेळी जेवायला बसवलं, आधी मला मेसेज करून विचारून. काकूंना यातला खुलासा काही ऐकू गेला नाही. 'उपाशी?' एवढंच दोनदा म्हणाल्या, आणि मुलासाठी म्हणून दोन शेंगापोळ्या वरून टाकल्या. पैसे घेतले नाहीत. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही.

ऑर्डर देताना एवढं सांभाळा. निदान चार दिवस आधी सांगा. पोळी तेलावर भाजून मागा, तूप नको: युरोपबाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात चालत नाहीत, म्हणजे पेढे-तूप घरीच राहू द्या. काकू कधीकधी सारणात खसखस घालतात. दुबईमार्गे जाणार असाल तर ती नको म्हणून स्पष्ट सांगा, तिकडे खसखशीवर बंदी आहे. चटणी पाव-पाव किलोच्या पुड्यांत घ्या आणि प्रत्येक पुडी दुहेरी पिशवीत, नाहीतर तेल कपड्यांना लागतं. दर शेंगदाण्याच्या भावाप्रमाणे बदलतो, घासाघीस करू नका, त्या करत नाहीत. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, त्या दिवसांत जाऊच नका. भोगीच्या आधी आठवडाभर बाहेरची ऑर्डर बंद असते आणि फोन उचलत नाहीत. एरवीही फोन सून घेते, दुपारी चारनंतर.